इमाम गझाली : मनाचा हिशेब आणि मनाचा चळ

इसवी सन १०९५ चा जुलै महिना. बगदादच्या निजामिया मदरशातील सर्वांत नामवंत शिक्षकाची वाचा अचानक बसली. ज्यांच्यासमोर तीनशे विद्यार्थी शिकायला बसत, ज्यांच्याशी वाद घालायला भलेभले पंडित कचरत, त्या इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली यांच्या तोंडून धडा देताना शब्द फुटेना. हळूहळू अन्नही जाईना. पाण्याचा घोट गळ्याखाली उतरणे अवघड झाले. खलिफाच्या शहरातले हकीम आले आणि शेवटी त्यांनीही हात टेकले. दुखणे मनात शिरले आहे आणि तिथून ते शरीरात उतरले आहे. मनावरचा भार हलका झाल्याशिवाय औषध लागू पडायचे नाही, असे त्यांचे निदान होते.

हा भार कसला होता, हे गझालींनी पुढे आपल्या आत्मकथनात उघडपणे सांगून टाकले. आपण धर्म शिकवतो तो अल्लाहसाठी की आपले नाव व्हावे म्हणून, हा प्रश्न त्यांना छळत होता. लोक आपल्याला जे समजतात ते आपण नाहीच, आतून आपण वेगळेच कोणी आहोत, या भीतीने त्यांना घेरले होते.

रमजानमध्ये रोजा ठेवणारा प्रत्येक जण थोडाफार असा हिशेब मांडतोच. तो मांडण्यासाठीच हा महिना आहे. पण काही माणसांचा हिशेब कधी संपतच नाही. वुजू झाला की नाही, नमाजची नीयत नीट बांधली की नाही, मनात आलेल्या त्या एका घाणेरड्या विचाराने रोजा तर तुटला नाही ना, या शंका त्यांना आतून पोखरतात. देवघरात हात जोडताना नको ते मनात आले म्हणून पुन्हा अंघोळीला जाणारी माणसेही आपल्याच आसपास असतात. मशीद असो, मंदिर असो, विहार असो की चर्च, हा जाच सगळीकडे सारखाच. मराठीत त्याला मंत्रचळ म्हणतात, उर्दूत वसवसा आणि डॉक्टर ओसीडी. स्वतःच्या मनाची गझालींइतकी कठोर झडती फार थोड्यांनी घेतली असेल. म्हणूनच मनाची झडती कुठे थांबवायची, हेही त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

तूसची दोन मुले

गझालींचा जन्म १०५८ चा. गाव खुरासानमधले तूस. आज ते इराणमध्ये, मशहद शहराजवळ येते. वडील लोकर कातून विकत, असे सांगतात. स्वतः फारसे शिकले नव्हते, पण विद्वानांच्या बैठकीत जाऊन बसण्याची त्यांना आवड होती. मृत्यू जवळ आल्यावर त्यांनी मुहम्मद आणि अहमद या आपल्या दोन मुलांना थोड्याशा पैशांसह एका सूफी मित्राच्या हवाली केले. पैसे लवकरच संपले. मित्र स्वतः फकीर. त्याने मुलांना मदरशात जायला सांगितले, कारण तिथे विद्यार्थ्यांच्या जेवणाखाण्याची सोय होती. पुढे ज्यांना सारे जग इस्लामचा मोठा आधारस्तंभ मानू लागले, त्यांच्यासाठी ज्ञानाचे दार असे भाकरीच्या निमित्ताने उघडले. मोठेपणी गझालींनी ही गोष्ट लपवली नाही.

तरुणपणची आणखी एक गोष्ट सांगितली जाते. जुर्जानहून शिकून परतताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. गझाली त्यांच्या मागे धावले. बाकी सगळे ठेवा, माझ्या टिपणांची पिशवी तेवढी द्या, माझी सारी विद्या तिच्यात आहे, अशी विनवणी त्यांनी केली. दरोडेखोरांचा म्होरक्या हसला. पिशवी गेली की जी जाते ती विद्या कसली, असे काहीसे तो बोलला आणि त्याने पिशवी परत दिली. घरी आल्यावर गझालींनी तीन वर्षे खपून ती सारी टिपणे पाठ केली.

त्यानंतर ते निशापूरला गेले. तिथे इमामुल हरमैन म्हणून ओळखले जाणारे अल-जुवैनी त्यांचे गुरू होते. १०८५ मध्ये गुरूंचे निधन झाले, तेव्हा सल्जूक सुलतानाचे वजीर निजामुल मुल्क यांच्या दरबाराकडे गझालींची पावले वळली. निजामुल मुल्क यांना माणसाची पारख होती. १०९१ मध्ये त्यांनी गझालींना बगदादच्या निजामिया मदरशाची गादी दिली. तेव्हा त्यांचे वय अवघे ३३ होते.

शंका आणि तिचे औषध

बगदादच्या संकटाआधीही गझाली एकदा मोठ्या फेऱ्यात सापडले होते. खात्रीचे ज्ञान कोणते, याचा ते शोध घेत होते. डोळ्यांवर विश्वास ठेवावा, तर सावली जागच्या जागी थांबलेली दिसते आणि थोड्या वेळाने पाहावे तर ती सरकलेली असते. तारा नाण्याएवढा दिसतो, गणित मात्र तो पृथ्वीपेक्षा मोठा असल्याचे सांगते. मग बुद्धीवर विसंबावे का? पण स्वप्नात सारे खरेच वाटते आणि जाग आल्यावर खोटे ठरते. आपले जागेपणही तसेच एखादे स्वप्न नसेल कशावरून? जवळपास दोन महिने ते या शंकेत अडकले होते.

त्यातून ते सुटले कसे, हे विशेष आहे. युक्तिवादाने ते सुटले नाहीत. शंकेला शंकेनेच उत्तर देत गेले तर दोरा संपतच नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. अल्लाहने आपल्या छातीत एक उजेड टाकला आणि मन पुन्हा स्थिर झाले, असे ते सांगतात. त्या उजेडाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे लावावा. मंत्रचळाने त्रासलेल्या माणसाच्या घरच्यांना मात्र यातली एक गोष्ट लगेच पटेल. त्याला शंभर वेळा समजावले तरी एकशे एकावी शंका उरतेच.

बगदादचे सहा महिने

१०९२ मध्ये निजामुल मुल्क यांचा खून झाला. त्याच वर्षी सुलतान मलिकशाहही वारले. राज्यात गादीसाठी मारामाऱ्या सुरू झाल्या. गझाली मात्र शिकवत होते, लिहीत होते. तत्त्वज्ञांच्या मतांची चिरफाड करणारा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ तहाफुतुल फलासिफा याच काळातला. सूफींची पुस्तकेही ते वाचत होते. वाचता वाचता त्यांना जाणवले की या मार्गातले शब्द आपल्याला कळले आहेत, पण चव कळलेली नाही. नशा म्हणजे काय याची व्याख्या पाठ असणे वेगळे आणि नशा अनुभवणे वेगळे, तसा हा फरक होता.

मग त्यांनी स्वतःकडे पाहिले. अध्यापन हे आपले सर्वांत चांगले काम. पण त्यामागे मानसन्मानाची ओढ आहे, असे त्यांना दिसले. एके दिवशी बगदाद सोडायचे ठरवावे आणि दुसऱ्या दिवशी बेत मोडावा. एक पाय पुढे टाकावा आणि दुसरा मागे घ्यावा. असे जवळपास सहा महिने गेले. काही अभ्यासकांना त्यांच्या घालमेलीत त्या काळातल्या राजकीय हत्यांची भीतीही दिसते. ती असेलही. शेवटी वाचा गेली आणि मग निर्णय झाला. १०९५ च्या नोव्हेंबरमध्ये हजला जातो असे सांगून ते निघाले. मनात शाम देशाला, म्हणजे आजच्या सीरियाकडे जाण्याचा बेत होता. मुलाबाळांपुरते ठेवून बाकी संपत्ती त्यांनी वाटून टाकली.

गझालींच्या या दुखण्याला ओसीडी म्हणता येणार नाही. नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे असे निदान करू नये, आणि इथे ते जुळतही नाही. त्यांची शंका एका खऱ्या गोष्टीवर उभी होती. कीर्ती त्यांना खरोखर हवी होती. त्या शंकेने त्यांना एक ठरावीक काम सांगितले, ते काम त्यांनी केले आणि शंका थांबली. खऱ्या आत्मपरीक्षणाला असा शेवट असतो. चूक दिसते, माणूस तौबा करतो, कोणाचे देणे असेल तर फेडतो, वाट बदलतो आणि पुढे जातो. वसवशाला शेवट नसतो. तो म्हणतो, आणखी एकदा धू. धुतले की म्हणतो, अजून एकदा. माफी मागितली की म्हणतो, मनापासून मागितली नाहीस. मन चिंती ते वैरी न चिंती, ही आपली म्हण अशा माणसाच्या आयुष्यात शब्दशः खरी ठरते.

मनोऱ्यातला माणूस

दमास्कसला गझाली उमय्या मशिदीच्या मनोऱ्यात जाऊन बसत आणि दिवसभर आतून दार लावून घेत. तिथून ते जेरुसलेमला गेले. हेब्रॉनला हजरत इब्राहीम यांच्या कबरीपाशी त्यांनी तीन शपथा घेतल्या. राजाचा पैसा घ्यायचा नाही, राजाच्या दरबारी जायचे नाही आणि वादविवादात पडायचे नाही. मग हज करून पुढे ते आपल्या गावी परतले. या वर्षांत त्यांनी आपला सर्वांत मोठा ग्रंथ लिहिला, इह्याउ उलूमुद्दीन. चार भाग, प्रत्येक भागात दहा प्रकरणे, एकूण चाळीस. त्याचेच सुटसुटीत फारसी रूप म्हणजे कीमिया-ए-सआदत. त्याच्या उर्दू अनुवादाची जुनी प्रत आपल्याकडच्या अनेक मुस्लिम घरांत आजही सापडते.

या ग्रंथातले एकविसावे प्रकरण मनाच्या नवलाईबद्दल आहे. मनाला गझाली वेगवेगळ्या उपमा देतात. मन म्हणजे अनेक दारे असलेली घुमटाची इमारत. कोण कोणत्या दाराने आत येईल सांगता येत नाही. मन म्हणजे नेमबाजीचे लक्ष्य; बाण सगळीकडून येतात. मन म्हणजे तलाव. त्यात अनेक ओहळांचे पाणी येऊन पडते. या सगळ्या उपमांत एक गोष्ट सारखी आहे. येणारे बाहेरून येते. तलाव ओहळाला बोलवायला जात नाही.

अरबीत वसवसा हा शब्दच आवाजावरून आला आहे. दागिन्यांची हलकी किणकिण, कोणी कानाशी कुजबुजावे तसा बारीक नाद. कुरआनच्या शेवटच्या, ११४ व्या सूरहमध्ये अशा कुजबुजीपासून अल्लाहचा आसरा मागितला आहे. मराठीतल्या मंत्रचळ शब्दामागेही अशीच धार्मिक समजूत आहे. मंत्र म्हणताना चूक झाली की माणसाला चळ लागतो, असे पूर्वी मानत. दोन वेगळ्या भाषांनी या दुखण्याला उपासनेच्या जागीच पकडले.

विचाराच्या चार पायऱ्या

मनात आलेल्या वाईट विचाराचा गुन्हा माणसाच्या नावावर लिहिला जातो का? याच ग्रंथात गझालींनी हा प्रश्न घेतला आहे आणि एखाद्या न्यायाधीशासारखा तो सोडवला आहे. त्यांचे उदाहरण रस्त्यावरचे आहे. चालताना एखाद्याच्या मनात येते की मागे एक बाई आहे, वळलो तर दिसेल. ही पहिली पायरी, नुसता विचार. मग वळून पाहण्याची ओढ वाटते. ही दुसरी. मग मन कौल देते की पाहायला हरकत नाही. ही तिसरी. मग पाहायचेच असा पक्का निश्चय होतो. ही चौथी.

पहिल्या दोन पायऱ्यांचा जाब माणसाला नाही, असे गझाली ठामपणे सांगतात. कारण त्या त्याच्या हातातल्या नाहीत. तिसऱ्या पायरीवर जे त्याने स्वखुशीने केले, तेवढ्याचाच जाब. चौथीवर, म्हणजे निश्चयावर, जबाबदारी येते. आणि तिथूनही अल्लाहच्या भयाने तो मागे फिरला, तर त्याच्या नावे उलट पुण्यच लिहिले जाते.

यामागे हदीसचा आधार आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे त्यांचे काही सोबती आले. आमच्या मनात असे काही येते की ते बोलण्यापेक्षा जळून कोळसा झालेले बरे, अशी त्यांची तक्रार होती. प्रेषितांनी त्यांना रागावले नाही. त्या विचाराची तुम्हाला इतकी किळस वाटते, हीच तुमच्या श्रद्धेची खूण आहे, असा दिलासा त्यांनी दिला.

आधुनिक मानसशास्त्र वेगळ्या वाटेने याच ठिकाणी आले. १९७८ मध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा या संशोधकांनी कोणताही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारले की त्यांच्या मनात नकोसे, घाणेरडे, हिंसक विचार येतात का. सुमारे ८० टक्के लोक हो म्हणाले. विचारांचा मजकूर रुग्णांच्या विचारांसारखाच होता. फरक पुढच्या पायरीवर होता. निरोगी माणूस तो विचार येतो तसा जाऊ देतो. रुग्ण त्याला थांबवतो, त्याची चौकशी करतो आणि शेवटी स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. विचार आला म्हणजे मी मुळातच तसा असणार, असे त्याला वाटते. तान्ह्या बाळाला जिवापाड जपणाऱ्या आईला सुरी हातात घेताना भीती वाटते की आपण बाळाला इजा तर करणार नाही ना. देवभक्त माणसाला भीती वाटते की आपण आतून नास्तिक तर नाही. आपल्या आत एक भयंकर माणूस दडला आहे आणि तोच खरा आपण, ही ती भीती. ज्याला जे सर्वांत प्रिय, नेमके तिथेच ती डंख मारते. ज्या आईला बाळाची पर्वा नाही, तिला असल्या विचाराने रात्रभर झोप उडाल्याचे कोणी ऐकले आहे का?

न लागलेला डाग

रॅकमन यांनी आणखी एका प्रकाराचा अभ्यास केला. त्यात माणसाला कशालाही हात न लावता मळल्यासारखे वाटते. कोणी केलेला अपमान, विश्वासघात, एखादी जुनी आठवण, किंवा नुसता एक विचार, एवढ्यानेही आतून घाण झाल्याची भावना येते. मग हात धुतले जातात, अंघोळी होतात, कपडे बदलले जातात, आणि तरी स्वच्छ वाटत नाही. वाटणार कसे? डाग कातडीवर नसतोच, मग पाणी धुणार काय?

गझालींनी शुद्धीचे चार टप्पे सांगितले आहेत. पहिला शरीराचा, दुसरा हातापायांनी होणाऱ्या गुन्ह्यांपासून शुद्धीचा, तिसरा मनातल्या अहंकार आणि मत्सरासारख्या दोषांपासून शुद्धीचा, आणि चौथा अल्लाहशिवाय अंतःकरणात काही न उरण्याचा. आपल्या काळातले लोक पहिल्याच टप्प्यावर अडकून बसले आहेत, याची त्यांना चीड होती. नवरीला सजवणाऱ्या बाईसारखे ते बाहेरची रंगरंगोटी करत बसतात आणि आतले घर ओसाड पडते, असे ते म्हणतात. जुन्या पिढीची साधी रीत त्यांनी आठवण करून दिली. ते लोक अनवाणी चालत, उघड्या जमिनीवर नमाज पढत. दुसरे खलिफा हजरत उमर (र.) यांनी एका ख्रिस्ती बाईच्या घड्यातल्या पाण्याने वुजू केला होता. घडा कोणाचा, तो कोणी कोणी शिवला, याची चौकशी त्यांनी केली नाही. विटाळाच्या कल्पनांनी माणसाला माणसापासून तोडलेले आपण या देशात पुष्कळ पाहिले आहे. त्यामुळे हे उदाहरण आपल्याला आणखी जवळचे वाटावे.

नीयतीबद्दल तर त्यांचे मत कडक आहे. नमाजला उभे राहून नीयत पुन्हा पुन्हा बांधत बसणे यामागे दोनच कारणे असू शकतात, बुद्धीचा बिघाड किंवा धर्मनियमांचे अज्ञान. समजावताना ते साधे उदाहरण देतात. एखादे विद्वान खोलीत आले की आपण उठून उभे राहतो. मी आता अमुक विद्वानांच्या सन्मानार्थ उभा राहण्याचा संकल्प करत आहे, असे मनात घोकतो का? उठलो, यातच संकल्प आला. नमाजसाठी माणूस चादर पांघरूणातून बाहेर येतो, तेव्हाच त्याची नीयत झालेली असते.

इस्लामी कायद्याचा एक पायाभूत नियमही इथे कामी येतो. खात्री ही नुसत्या शंकेने मोडत नाही. वुजू केल्याचे पक्के आठवते आणि तुटल्याची फक्त शंका आहे, तर वुजू कायम. प्रेषित (स.) स्वतः एका मुद्द पाण्यात वुजू करत. हे माप पाऊण लिटरच्या आसपास भरते. रोज्यात काही जण आपली लाळसुद्धा गिळायला घाबरतात आणि दिवसभर थुंकत राहतात. लाळ गिळल्याने रोजा तुटत नाही.

रोज्याचे तीन दर्जे

गझालींचे रोज्यावरचे प्रकरण रमजानमध्ये हमखास सांगितले जाते. त्यात तीन दर्जे आहेत. सामान्यांचा रोजा पोटाचा आणि वासनेचा. विशेष लोकांचा रोजा डोळे, कान, जीभ, हात-पाय यांचाही. तिसरा रोजा मनाचा, ज्यात अल्लाहशिवाय दुसरा विचारही येऊ द्यायचा नाही.

हे ऐकून धडधाकट माणसाला चांगले वागण्याची प्रेरणा मिळते. वसवशाने गांजलेल्याचे काळीज मात्र चरकते. आपल्या मनात तर दर मिनिटाला काहीतरी येते, म्हणजे आपला रोजा गेलाच, असे त्याला वाटते. त्याने पुढची ओळही वाचायला हवी. तिसरा दर्जा पैगंबरांचा आणि सिद्दीकांचा आहे, असे गझालींनी तिथेच स्पष्ट केले आहे. तो शिखराचा वर्णन आहे, परीक्षेचा पेपर नाही. प्रवचन देणाऱ्यांनीही तिसऱ्या दर्जाबद्दल बोलताना हे एक वाक्य गाळू नये. समोर बसलेल्यांत कोण आतून जळत असेल, सांगता येत नाही.

परतणे

अकरा वर्षे गझाली मोठ्या मदरशांपासून दूर राहिले. ११०६ मध्ये निजामुल मुल्क यांचे पुत्र, वजीर फख्रुल मुल्क यांच्या आग्रहावरून ते निशापूरला पुन्हा शिकवायला लागले. आपला हेतू आता तरी शंभर टक्के शुद्ध आहे, असा दावा त्यांनी केला नाही. पूर्वी मी मान मिळवून देणारी विद्या शिकवत होतो, आता मान सोडायला लावणारी शिकवतो, एवढाच फरक त्यांनी सांगितला आणि पुढचे अल्लाहवर सोपवले. या एका गोष्टीत त्यांची सुटका आहे. शंभर टक्के खात्री मिळेपर्यंत ते मनोऱ्यात बसून राहिले असते, तर कधीच खाली उतरले नसते.

अखेरची वर्षे ते तूसला होते. घराजवळ एक मदरसा आणि सूफींसाठी खानकाह होती. १८ डिसेंबर ११११ रोजी, सोमवारी पहाटे, त्यांनी वुजू केला, नमाज पढली आणि कफन मागवले. ते डोळ्यांना लावले, पाय पसरून आडवे झाले आणि दिवस उजाडण्याआधी गेले. धाकट्या भावाने, अहमद गझाली यांनी, ही हकीकत सांगितल्याचे जुन्या चरित्रांत नोंदले आहे. त्या पहाटेचा वुजू एकदाच झाला होता.

आपल्या शहरात

वैद्यक शिकणे हे समाजावरचे धार्मिक कर्तव्य आहे, असे गझालींनी इह्यामध्ये लिहिले. कोणीच वैद्य झाला नाही, तर सारा समाज दोषी. तेव्हा मंत्रचळावर डॉक्टरकडे जाणे म्हणजे श्रद्धा कमी पडली, असे मानायचे कारण नाही. दुआ करावी, कुरआन वाचावे, जप करावा आणि डॉक्टरकडेही जावे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात दर हजार प्रौढांमागे सुमारे ८ जणांना ओसीडी आहे. त्यावर गोळ्या आहेत आणि गोळ्यांबरोबर एक खास पद्धतही आहे. १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी ती पहिल्यांदा मांडली. भीती वाटते ती गोष्ट टाळायची नाही, आणि भीती शमवण्यासाठी जी कृती केली जाते, तीही करायची नाही. वुजू एकदाच. कुलूप एकदाच. विचार आला तर येऊ द्यायचा, त्याच्याशी वाद घालायचा नाही. सुरुवातीला जीव कासावीस होतो, पण काही आठवड्यांत भीतीचा जोर ओसरू लागतो. हे जाणत्या डॉक्टरच्या देखरेखीखाली करायचे असते.

घरच्यांनी एक पथ्य पाळावे. माझा रोजा तुटला का, माझ्याकडून पाप घडले का, असे तो दहा वेळा विचारेल. दरवेळी उत्तर दिले की अकराव्या प्रश्नाला खतपाणी मिळते. इमामसाहेब, गुरुजी, भंते, फादर यांच्याकडे एकाच शंकेचे उत्तर पुन्हा पुन्हा मागायला कोणी येत असेल, तर त्यांनी एकदा नीट उत्तर द्यावे आणि प्रेमाने दवाखान्याची वाट दाखवावी.

नागपूरकरांना ती वाट परकी वाटू नये. ताजबागला ज्यांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक जातात, ते हजरत बाबा ताजुद्दीन १८९२ ते १९०८ या काळात नागपूरच्या त्या वेळच्या पागलखान्यात होते. आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. त्या आवारात आजही लोक श्रद्धेने डोके टेकवायला जातात. तिथल्या किंवा मेडिकलमधल्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढायची मात्र आपल्याला लाज वाटते. जायला जमत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून बोलता येते.

रमजानचे उरलेले दिवस हिशेबाचे आहेत. ज्याला हिशेब करता येतो त्याने तो चोख करावा. कोणाचे मन दुखावले असेल तर माफी मागावी, जकात द्यावी, शेजाऱ्याच्या घरी इफ्तारचे ताट पाठवावे. आणि ज्याचा हिशेब कधीच जुळत नाही, त्याने आज रात्री वही मिटून झोपावे. ओहळाने काय वाहून आणले, याचा जाब तलावाला कोणी विचारणार नाही.